आजीचा बर्मा आणि कादंबरीतलं नववं प्रकरण

पार्श्वभूमी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या, आता पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंनी आपल्या आजीच्या आयुष्यावर कादंबरी लिहायला घेतली. त्या हस्तलिखिताचं संपादन माझ्याकडे होतं. कुटुंबाला विचारून, नावं आणि ओळखू येतील अशा खुणा वगळून ही हकीकत मांडते आहे. बाईंना इथे लेखिका म्हणू.

आजीचा जन्म १९२० च्या आसपासचा, वडोदऱ्याचाच. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं आणि ते मुलींनाही लागू होतं. त्यामुळे आजी लिहितीवाचती होती, आणि घरात जी काही पोस्टकार्डं उरली ती तिच्या स्वतःच्या अक्षरातली आहेत. तिच्या पिढीच्या कितीतरी बायकांबद्दल आपल्याला जे कळतं ते नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या पत्रातून. इथे ती स्वतः बोलते, थोडं बोलते, पण तीच बोलते.

लग्न होऊन ती रंगूनला गेली. नवरा तिकडे हिशेब खात्यात कारकून होता. वडोदऱ्याहून कलकत्ता, तिथून बोट. १९३७ मध्ये ब्रह्मदेशाचा कारभार हिंदुस्थानापासून वेगळा झाला होता, तरी रंगून शहरात १९३१ च्या जनगणनेप्रमाणे निम्म्याहून अधिक वस्ती हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, लोकांची होती. मराठी घरं मोजकी. आजीच्या मजल्यावर गुजराती कुटुंब होतं, आणि वडोदऱ्याच्या पोळीत, म्हणजे जुन्या गल्लीवस्तीत, वाढलेल्या मुलीला त्या भाषेत परकं असं काही वाटण्याचं कारणच नव्हतं. सासरी मराठी, शेजारी गुजराती आणि बाजारात मोडकी हिंदुस्तानी, असा तिचा संसार सुरू झाला.

२३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी रंगूनवर पहिल्यांदा बाँब टाकले. विमानं पाहायला लोक रस्त्यावर आले होते आणि म्हणूनच इतके मेले, हे त्या दिवसाच्या बहुतेक वर्णनांत आहे. नाताळच्या दिवशी पुन्हा हल्ला झाला. ८ मार्च १९४२ ला शहर जपान्यांच्या हाती गेलं. त्या काही महिन्यांत सुमारे ५ लाख हिंदी लोक ब्रह्मदेशातून मायदेशाकडे निघाले. वाटेत किती गेले याचे अंदाज १०,००० पासून ५०,००० च्या पुढेपर्यंत जातात. मोजायला कुणी नव्हतंच.

आजी त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वडोदऱ्याला पोचली. ऑगस्टमध्ये तिला मुलगा झाला. हे घरातले थोरले काका. पुढे आणखी भावंडं झाली, त्यांतल्या धाकट्याची मुलगी म्हणजे लेखिका. आजी नव्वदच्या दशकात गेली. बर्माबद्दल ती आपण होऊन बोलत नसे.

अडचण कुठे आली

हस्तलिखित माझ्याकडे आलं तेव्हा ते जवळजवळ पूर्ण होतं. रंगूनचं स्वयंपाकघर, दोन मजले खालून चढवावं लागणारं पाणी, ङापीचा (आंबवलेल्या मासळीच्या चटणीचा) वास आवडत नसूनही ती विकणाऱ्या बाईशी झालेली मैत्री, हे सगळं जिवंत उतरलं होतं. मंडालेच्या किल्ल्याला भेट देण्याचा एक प्रसंगही होता. मराठी वाचकाला ब्रह्मदेश म्हटलं की मंडाले आणि १९०८ ते १९१४ चा टिळकांचा तुरुंगवास आठवतो, म्हणून तो आला होता. पण आजी मंडालेला गेल्याची एकही खूण कुठे नव्हती. तिचा बर्मा रंगूनच्या दोन खोल्यांत होता. लेखिकेनं तो प्रसंग फारशी खळखळ न करता काढला.

खरा पेच दोन ठिकाणी होता. आजी कुठल्या वाटेनं आली, यावर घरात एकमत नव्हतं. थोरले काका सांगत, आई बोटीनं आली. इंदूरला दिलेल्या आत्याची मुलगी सांगे, आजी रंगूनहून इंफाळपर्यंत चालत गेली. दोघंही ठाम. लेखिकेनं इंफाळची वाट धरली होती, कारण वाचायला मिळतं ते बहुतेक त्याच वाटेबद्दल: चिंदविन नदी, तामू, पालेल, पाऊस, जळवा, चिखल.

दुसरा पेच नवव्या प्रकरणाचा. जानेवारी १९४२ च्या एका कार्डात आजीनं लिहिलं होतं, “बाळी आता धरून धरून चालते. आवाजाला घाबरते, बाकी मजेत.” कसला आवाज ते लिहिलेलं नाही. पत्रं तपासली जात आणि हे तिला ठाऊक असणार. पण ही बाळी कोण? घरातली सगळ्यात मोठी व्यक्ती म्हणजे काका, आणि ते ऑगस्ट १९४२ चे. लेखिकेनं निष्कर्ष काढला तो बरोबरच होता: काकांच्या आधी एक मुलगी होती. त्यावर तिनं पानंच्या पानं लिहिली होती. पटकीनं आजारी पडलेलं मूल, छावणीतली रात्र, आईनं हातानं उकरलेली माती. पूर्ण हस्तलिखितात त्याहून ताकदीचं लेखन नव्हतं.

ते वाचून मी सुन्न झाले. आणि मग विचारलं, हे कुठून आलं? लेखिका म्हणाली, “कादंबरी आहे ना.”

वाट कशी सापडली

आधी वाटेचा प्रश्न घेतला, कारण तो तपासून सुटण्यासारखा होता. धागा मिळाला तो वडोदऱ्यातच राहणाऱ्या धाकट्या आत्यांकडे. त्यांना आईचं एक वाक्य लख्ख आठवत होतं: “होळीच्या रात्री चंद्र काळा झाला, आणि आम्ही डोंगर उतरत होतो. गरोदर बाईनं ग्रहणात हलू नये म्हणतात. मी चालत होते.”

पुढे आयुष्यभर या बाईनं एकाही सुनेला ग्रहणाचे वेध पाळायला लावले नाहीत. घरात सगळे समजत, सयाजीरावांच्या बडोद्याची सुधारलेली बाई. त्यामागे एक विशिष्ट रात्र आहे हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

शके १८६३ च्या फाल्गुन पौर्णिमेला, म्हणजे ३ मार्च १९४२ च्या पहाटे, खग्रास चंद्रग्रहण होतं. ब्रह्मदेशात चंद्र मावळतीला असताना ते लागलं. आता ती तारीख हाताशी धरून नकाशा पाहिला. रंगून सोडण्याची शेवटची सूचना २० फेब्रुवारीच्या सुमारास निघाली. रंगूनहून प्रोमला (आजचं प्याय) रेल्वे होती. प्रोमहून इरावती ओलांडून आराकानचे डोंगर पार करत पश्चिम किनाऱ्यावरच्या टाँगअपला जाणारी कच्ची वाट होती, दीडशे किलोमीटरहून लांब, पाण्याची टंचाई असलेली. प्रोममध्ये आणि त्या वाटेवर पटकीची साथ होती. टाँगअपहून लहानमोठ्या बोटी अक्याबला (आजचं सित्वे) आणि तिथून चितगावकडे जात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हिंदी लोकांचे लोंढे याच वाटेनं निघाले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस निघालेलं कुटुंब ३ मार्चला डोंगर उतरत असेल तर ते समुद्राच्या बाजूला उतरतंय.

म्हणजे काका बरोबर होते आणि लेखिकेची इंदूरची आत्तेबहीणही. आजी चालली आणि बोटीतही बसली. प्रत्येक शाखेनं प्रवासाचा एक एक तुकडा जपला होता आणि तोच पूर्ण समजला होता. इंफाळ मात्र नंतर चिकटलं असावं. वाचलेल्या, ऐकलेल्या इतरांच्या हकीकतींतून ते घरात शिरलं.

यामुळे कादंबरीचा मधला तिसरा भाग नव्यानं लिहावा लागला. जळवा गेल्या, चिखल गेला. त्यांच्या जागी कोरडे ओढे आले, उन्हात तापलेला डोंगर आला. लेखिकेला ते जड गेलं, पण एकदा ऋतू बरोबर बसल्यावर पुष्कळ गोष्टी आपोआप जुळल्या. आजी कुणाच्याही हातून पाणी घ्यायची, सोवळंओवळं तिनं कधी मानलं नाही, हा घरातला दुसरा “सुधारकी” किस्सा. त्याचाही उगम त्या वाटेवर असू शकतो. लेखिकेनं तो तसा लिहिला आहे, आणि तिथे कल्पनेला पूर्ण मोकळीक आहे असं मला वाटतं.

नवव्या प्रकरणापुढचे पर्याय

आत्यांना नववं प्रकरण वाचायला दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं नाही. म्हणाल्या, “हे आईनं मला सांगितलेलं नाही. तुला कुणी सांगितलं?”

मग त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. शेवटच्या आजारपणात आई एकदा म्हणाली होती, आधी एक मुलगी होती, ती समुद्रापर्यंत आली नाही. आत्यांनी पुढे विचारायला तोंड उघडलं तर आई म्हणाली, “यापुढचं विचारू नकोस.” आत्यांनी विचारलं नाही. भावांनाही सांगितलं नाही.

इथे चार मार्ग दिसत होते. पहिला, प्रकरण आहे तसं ठेवायचं. कादंबरी आहे, पात्राचं नाव वेगळं आहे, आणि लिहिलेलं उत्तम आहे. दुसरा, मुलगी पूर्णपणे वगळायची. काकांना ऐंशी ओलांडल्यावर आपल्याला बहीण होती हे पुस्तकातून कळू नये, हा त्यामागचा विचार. तिसरा मार्ग लेखिकेच्या एका प्रकाशनातल्या परिचितांनी सुचवला: मूल दुसऱ्या कुटुंबाचं करायचं, आजीनं ते पाहिलं असं दाखवायचं. प्रसंगही राहतो आणि घरचे दुखावतही नाहीत. चौथा मार्ग असा की मुलगी प्रोमपर्यंत असेल आणि समुद्राशी नसेल, मधलं लिहायचं नाही.

तिसरा मार्ग सगळ्यांना सोयीचा वाटत होता. मी त्याला ठाम विरोध केला. त्यात आजी स्वतःच्याच दुःखाची बघी होते. तिचं जे सर्वांत स्वतःचं, ते आपण सौजन्यापोटी शेजारणीच्या पदरात टाकतो. त्यापेक्षा मुलगी वगळलेली परवडली.

पहिल्या मार्गाबद्दल लेखिकेशी खूप बोलणं झालं. तिचा मुद्दा खोटा नव्हता. आजीच्या आयुष्यातल्या कितीतरी जागा तिनं कल्पनेनं भरल्या होत्या आणि मी हरकत घेतली नव्हती. मग इथेच का? माझं म्हणणं असं होतं की घरच्या आठवणीतल्या रिकाम्या जागा एकसारख्या नसतात. काही गोष्टी कुणाला माहीतच नसतात. रंगूनच्या घराला किती खिडक्या होत्या ते आता कोण सांगणार. काही विसरल्या जातात, काही एकमेकींत मिसळतात, जसं इंफाळचं झालं. या दोन्ही जागा कादंबरीकारानं बेलाशक भराव्यात, ते तिचं कामच आहे. पण एखादी जागा माणसानं शुद्धीत, ठरवून मोकळी ठेवलेली असते. आजीला आठवत होतं, शब्दही होते, ऐकणारी मुलगी उशाशी बसलेली होती, आणि तरी ती थांबली. ते थांबणं ही तिच्या आयुष्यातली एक कृती आहे. ती कृती पुसून त्यावर आपण आपलं वर्णन लिहिलं तर पात्र कमी खरं होतं. कादंबरी म्हणूनही ते कमी पडतं.

लेखिकेला हे एकदम पटलं नाही. ती म्हणाली, बायका गप्प राहिल्या म्हणून तर लिहायचं ना? हा प्रश्न मी अजूनही हलका मानत नाही. ज्यांना गप्प बसवलं गेलं त्यांच्या वतीनं लिहावंच लागतं. आजीला मात्र कुणी गप्प बसवलं नव्हतं. तिला लिहिता येत होतं, तिनं कार्डात बाळीचं चालणं लिहिलं, आणि तिच्या शेवटाबद्दल लिहिलं नाही. आधीचं सांगणं आणि नंतरचं न सांगणं, दोन्ही तिच्याच हातचं आहे.

काय केलं

चौथा मार्ग ठरला, पण त्याआधी काकांना सांगणं भाग होतं. कोणी सांगायचं यावर वेगळी चर्चा झाली. लेखिकेची तयारी होती. आत्या म्हणाल्या, “आईनं मला सांगितलं, तर दादाला मीच सांगेन.” कार्ड बरोबर घेऊन त्या गेल्या.

काकांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून स्वतःची लग्नपत्रिका काढली. त्यांचं लग्न ज्येष्ठ महिन्यात झालं होतं. थोरल्या अपत्याचं लग्न ज्येष्ठात करत नाहीत, हे जुन्या घरांतून कसोशीनं पाळलं जातं. गुरुजींनी तेव्हा शंका काढली होती. आई म्हणाली होती, “याला ती बाधा नाही.” एवढंच. घरच्यांनी तेही तिच्या सुधारकपणात जमा केलं होतं. काका म्हणाले, ती बाकी काही मानत नसे, मग नुसतं “मी मानत नाही” म्हणाली असती. “याला नाही” असं का म्हणाली, हे मला कोडं होतं.

मला या सगळ्या प्रकरणातला हा तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. आजीनं मुलीबद्दल खोटं कधीच सांगितलं नव्हतं. जिथे मोजणी करण्याची वेळ आली तिथे तिनं तिला मोजलं होतं, भर मांडवाच्या तयारीत, सगळ्यांसमोर. ऐकणाऱ्यांना ते ऐकू आलं नाही.

काकांनी एकच गोष्ट मागितली. कादंबरीत सगळ्यांची नावं बदला, बाळीचं बदलू नका.

त्यानंतर लेखिकेनं नववं प्रकरण नव्यानं लिहिलं. मूळ पानं तिनं फाडली नाहीत, ती तिच्याकडे आहेत. नव्या प्रकरणात प्रोमच्या काठावर कुटुंब इरावती ओलांडायला थांबलेलं आहे आणि आजी सामानाची वाटणी करते आहे: तांदूळ कुणाकडे, तांब्या कुणाकडे, ट्रंक ठेवायची की सोडायची. बाळी वडिलांच्या खांद्यावर आहे म्हणून ट्रंक सोडावी लागेल, असं ठरतं. वाट सुरू होते. तीन पानं फक्त वाटेची आहेत, पाणी, ऊन, गाड्यांची चाकं, पुढे गेलेल्यांनी टाकून दिलेल्या वस्तू. मग ग्रहणाची पहाट आणि उतार. टाँगअपला बोटीच्या रांगेत उभं राहताना वडिलांच्या खांद्यावर कुणाची तरी टाकून दिलेली एक ट्रंक आहे.

शेवटी लग्नपत्रिकेचा प्रसंग आला, काकांच्या संमतीनं.

निष्पत्ती

कच्चं हस्तलिखित काही ओळखीच्या वाचकांना दिलं. काहींना वाटलं एखादं पान गळालं आहे. काहींनी मागे जाऊन प्रोमचं पान पुन्हा काढलं. एका वाचकाला लग्नपत्रिकेपर्यंत पोचूनही मुलीचं काय झालं ते उमगलं नव्हतं. त्यांनी ते मोकळेपणानं सांगितलं. एखादं वाक्य वाढवावं का, यावर लेखिका बरेच दिवस घुटमळली. शेवटी बोटीच्या पानावर आजी गाठोड्यातून झबलं काढते आणि परत ठेवते, एवढी भर तिनं घातली. माझ्या मते त्याचीही गरज नव्हती. पण तो निर्णय तिचा.

इंदूरची बहीण नाराज झाली. इंफाळची हकीकत तिनं वर्षानुवर्षं मुलांना, शेजाऱ्यांना सांगितली होती आणि आता तिला खोटं पाडल्यासारखं वाटलं. यावर लेखिकेनं सुरेख उपाय काढला. कादंबरीत नातीच्या पिढीतलं एक पात्र इंफाळचीच गोष्ट सांगतं, मनापासून सांगतं, आणि कुणी तिला दुरुस्त करत नाही. वाचकाला खरी वाट ठाऊक असते. बहिणीनं ते वाचलं आणि निदान बोलणं सुरू झालं.

पुस्तक अजून छापखान्यात गेलेलं नाही. शेवटी लेखिकेचं एक छोटं निवेदन असेल: कोणत्या तारखा तपासलेल्या, कोणते प्रसंग कल्पिलेले. नववं प्रकरण यात येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. आत्यांशी सविस्तर बोलणं आधी आणि मसुदा नंतर, असं झालं असतं तर त्यांना आईच्या दुःखाचं कल्पित वर्णन तयार स्वरूपात हातात घ्यावं लागलं नसतं. तो धक्का टाळता येण्यासारखा होता. असं लेखन करणाऱ्या प्रत्येकाला मी आता सांगते, घरात हयात असलेली सगळ्यात वयस्क बाई आधी गाठा. तिला “काय घडलं” असं विचारू नका. सण, ग्रहण, बाळंतपण, पाऊस यांबद्दल विचारा. त्या पिढीला तारीख आठवत नाही, तिथी आठवते, आणि तिथीवरून तारीख काढता येते.

सरकारी कागदही लवकर पाहायला हवे होते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर त्या काळच्या परदेशस्थ हिंदी लोकांच्या खात्याचे कागद घरबसल्या शोधता येतात. १९४१ ते १९४३ या काळात ते खातं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे होतं. आजोबांचं नाव त्या कागदांत मिळालं नाही, पण वाटेची परिस्थिती समजायला त्यांचा फार उपयोग झाला, आणि तो पहिल्याच मसुद्यात व्हायला हवा होता.

काकांना सांगण्याबाबत घरात अजून दोन मतं आहेत. लेखिकेच्या भावाला वाटतं, या वयात त्यांना हे नको होतं सांगायला. काका स्वतः तसं म्हणत नाहीत. पण न सांगता पुस्तक काढणं आणि सांगून काढणं या दोनच वाटा नव्हत्या. पुस्तकच काही वर्षं थांबवणं हीही एक वाट होती आणि तिचा नीट विचार झाला नाही, हे मान्य करायला हवं.

अक्याब ते कलकत्ता हा प्रवास कादंबरीत जेमतेम एका परिच्छेदात उरकला आहे. त्याबद्दल इंदूरच्या बहिणीकडे तिच्या आईनं सांगितलेलं काही आहे असं आता कळतं. छपाईआधी लेखिका इंदूरला जाणार आहे.